‘आता याच्यापुढे जाणं शक्य नाही’ म्हणणाऱ्या आणि ‘काहीही शक्य आहे’ म्हणणाऱ्या, दोन्ही मंडळींना खुलं पत्र

टेकच्या बातम्या देणारे, यूट्यूबवर व्हिडिओ करणारे आणि इंजिनियरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारे सर-मॅडम, सगळ्यांना नमस्कार.

पत्र लांबणार आहे, आधीच सांगतो. मी पुण्यात सर्व्हर आणि बॅकअपची कामं घेतो, म्हणजे डिस्क भरत आली की लोक ज्याला फोन करतात तो माणूस. त्यामुळे तुम्ही काय छापता आणि काय शिकवता ते फिरून फिरून शेवटी माझ्याकडेच येतं. एक कस्टमर येतो, म्हणतो हार्ड डिस्कचा जमाना संपला असं वाचलं, सगळं एसएसडीवर (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) टाका, आणि मग कोटेशन बघून गप्प होतो. दुसरा म्हणतो दोन वर्षं थांबू या, काचेच्या तुकड्यात सगळं मावणार आहे म्हणे, तोवर जुन्याच डिस्कवर ढकलू. दोघांनीही कुठेतरी तुमचंच ऐकलेलं असतं. पहिल्याला तुमच्यातल्या ‘मर्यादा आली’वाल्यांनी घाबरवलंय आणि दुसऱ्याला ‘मर्यादा वगैरे काही नसते’वाल्यांनी झोपवलंय. माझी तक्रार दोघांबद्दल आहे, आणि तक्रार एकच आहे, की तुम्ही ‘मर्यादा’ म्हणता तेव्हा ती कशाची, आणि काय धरून चाललात म्हणून ती तिथे आली, हे कधीच सांगत नाही.

आधी पहिल्या गटाकडे येतो.

१९५६ साली आयबीएमने रॅमॅक नावाचा कॉम्प्युटर आणला, त्यात पहिली हार्ड डिस्क होती. २४ इंची ५० तबकड्या, वजन एक टनाच्या घरात, आणि मावायचं किती तर ५० लाख अक्षरं, म्हणजे आजच्या मापाने ४ एमबीसुद्धा नाही, मोबाईलवरचा एक फोटो कसाबसा बसेल. एका चौरस इंचात २,००० बिट. आज बाजारात ज्या मोठ्या डिस्क मिळतात त्यांच्यात त्याच एका चौरस इंचात लाख कोटीच्या वर बिट असतात. पन्नास कोटी पट! तेव्हा बिट लिहिणारं-वाचणारं हेड तबकडीपासून २० मायक्रॉन वर तरंगायचं, आता वाचताना-लिहिताना ते दोन-एक नॅनोमीटरवर असतं. आणि या सगळ्या प्रवासात दर काही वर्षांनी कुणीतरी जबाबदार माणूस उभा राहून सांगत आलाय की बास, आता भौतिकशास्त्रच आडवं आलं.

त्यातला सगळ्यात गाजलेला इशारा १९९७ चा. अमेरिकेत पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठ आहे, तिथल्या स्टॅन चॅरप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणित मांडून दाखवलं की चौरस इंचाला ३६ गिगाबिटच्या आसपास गेलात की लिहिलेलं टिकणार नाही. हीच ती सुपरपॅरामॅग्नेटिक लिमिट. तुमच्या नोट्समध्ये ती एका ओळीत उरकलेली असते आणि व्हिडिओत तर नुसता लाल बाण काढलेला असतो, म्हणून जरा थांबून बघू, कारण खरी गंमत इथेच आहे.

डिस्कवरचा एक बिट म्हणजे चुंबकीय कणांचा एक छोटासा घोळका. प्रत्येक कण एक चुंबक, त्याचं तोंड या बाजूला किंवा त्या बाजूला. तोंड फिरवायला काहीएक ऊर्जा लागते, आणि ती दोन गोष्टींवर ठरते, एक कणाचं आकारमान आणि दुसरं म्हणजे ते मटेरियल चुंबक म्हणून किती हट्टी आहे. उलट बाजूला खोलीतली साधी उष्णता त्या कणाला सतत हलवत असते. या दोन ऊर्जांचं गुणोत्तर काढायचं. ते ६० असेल तर आपोआप तोंड फिरायला सरासरी किती वेळ लागेल? पुस्तकातला नेहमीचा आकडा धरला, की उष्णता नॅनोसेकंदाला एकदा धक्का मारून बघते, तर उत्तर येतं साधारण ३६० कोटी वर्षं. आता कणाचं आकारमान निम्मं करा. गुणोत्तर ६० चं ३० झालं. वेळ किती झाला? निम्मा? नाही हो, ३ तास! ३६० कोटी वर्षांवरून थेट ३ तास, कारण ते गुणोत्तर घातांकात बसलेलं असतं. २५ वर आलात तर जेमतेम सव्वा मिनिट. कॅल्क्युलेटर घ्या आणि स्वतः करून बघा, विद्यार्थ्यांकडून तर नक्कीच करून घ्या, लिमिट म्हणजे काय असतं ते एका आकडेमोडीत कळतं, मला कॉलेजात कुणी करायला लावलं असतं तर फार बरं झालं असतं.

मग कण लहान करायचे तर मटेरियल जास्त हट्टी घ्या, असं कुणीही म्हणेल. घ्या की. पण मग त्याच्यावर लिहिणार कसं? लिहिणाऱ्या हेडचा गाभा लोखंड-कोबाल्टचा असतो आणि त्याच्यातून निघणाऱ्या चुंबकीय क्षेत्रालाही वरची हद्द आहे, २.४ टेस्लाच्या आसपास. आणि कण मोठेच ठेवून एका बिटात कमी कण वापरले तर बिटाच्या कडा वेड्यावाकड्या होतात, सिग्नलमध्ये गोंधळ वाढतो. म्हणजे बारीक कण, टिकणारं लिखाण आणि सोपं लिहिणं, तिन्ही एकदम मिळत नाही, दोन पकडलं की तिसरं सुटतं. ही मर्यादा खरी आहे, शंभर टक्के खरी, आजही खरी आहे. चॅरप सरांचं गणित त्या वेळचं रेकॉर्डिंग आहे तसंच लहान लहान करत नेलं तर काय होईल याचं होतं आणि त्या अटीवर ते बरोबरच होतं.

फक्त पुढच्या पाच-सहा वर्षांत दुकानातल्या डिस्क ३६ च्या पुढे गेल्या. कशा गेल्या, तर कुणी उष्णतेचा नियम मोडला नाही, अट बदलली. २००१ मध्ये आयबीएमने दोन चुंबकीय थरांच्या मध्ये रुथेनियम नावाच्या धातूचा फक्त तीन अणू जाडीचा थर घातला, वरचा थर आणि खालचा थर एकमेकांच्या उलट तोंडाने जखडले गेले आणि लिखाण जास्त टिकायला लागलं. त्याला त्यांच्याच लोकांनी पिक्सी डस्ट असं लाडाचं नाव दिलं होतं. ही झाली तात्पुरती मलमपट्टी. खरी उडी त्यानंतरची, आणि ती जपानमधून आली.

सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात शुनिची इवासाकी म्हणून प्राध्यापक होते, ते १९७० च्या दशकापासून सांगत होते की तुम्ही बिट तबकडीवर आडवे का झोपवता, उभे करा. आडवे चुंबक जवळ आणले की एकमेकांना विस्कटतात, उभे केले की शेजारी शेजारी एकमेकांना सावरतात, शिवाय खाली मऊ चुंबकीय थर दिला की हेडचं क्षेत्रही जास्त जोराने लागतं. १९७७ च्या सुमाराला मांडलेली ही कल्पना, आणि ती वापरलेली पहिली डिस्क दुकानात आली २००५ साली, तोशिबाची १.८ इंची. मध्ये २८ वर्षं! या २८ वर्षांत किती वेळा लोकांनी ती कल्पना मोडीत काढली असेल देव जाणे. २०१० ला इवासाकींना जपान प्राइझ मिळालं. पोरांना शिकवताना ही गोष्ट सांगा ना, नुसतं ‘परपेंडिक्युलर रेकॉर्डिंग: फायदे आणि तोटे’ असं फळ्यावर लिहून काय होतंय.

त्याच्या आधी वाचणाऱ्या हेडचीही अशीच एक उडी होऊन गेली होती. बिट बारीक झाले की सिग्नल इतका अशक्त होतो की वाचणार कशाने हा प्रश्न होताच. १९८८ मध्ये फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पीटर ग्रुनबर्ग यांना, वेगवेगळं काम करताना, एकच गोष्ट दिसली, की अणूंच्या जाडीचे चुंबकीय थर एकावर एक दिले तर त्यांचा विद्युत रोध चुंबकीय क्षेत्राने भलताच बदलतो. १९९७ पर्यंत ते आयबीएमच्या डिस्कमध्ये आलं आणि २००७ ला दोघांना नोबेल. नऊ वर्षांत लॅब ते दुकान, हे फार म्हणजे फारच पटकन झालं, सगळ्यांचं नशीब असं नसतं.

उभ्या बिटांचीही हद्द आली तेव्हा काय केलं तर शिंगल्ड पद्धत. लिहिणारं हेड रुंद असतं, वाचणारं अरुंद, मग लिहिताना ट्रॅक एकमेकांवर थोडे थोडे चढवायचे, कोकणातल्या घरावर कौलं घालतात तसे, आणि जो भाग उघडा राहतो तेवढा वाचायचा. जागा वाढली, पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढची ओळच्या ओळ काढून परत घालायची, म्हणून मध्येच कुठेतरी लिहायचं म्हटलं की ही डिस्क रडते. २०२० साली नाससाठी, म्हणजे नेटवर्कवर सगळ्यांना वापरता येणाऱ्या साठवणुकीच्या डब्यासाठी, म्हणून विकल्या गेलेल्या काही डिस्क या पद्धतीच्या निघाल्या, बॉक्सवर तसं काही लिहिलेलंच नव्हतं, आणि जगभर आरडाओरडा झाला. ही बातमी तेव्हा तुमच्यातल्या किती जणांनी दिली? फार नाही. ‘२० टीबी आलं रे’ मात्र सगळ्यांनी दिलं.

हेलियमचं थोडक्यात सांगतो. डब्यात हवा असते, हवेने तबकड्या फडफडतात, मग २०१३ ला हवेऐवजी हेलियम भरला, तो हवेच्या साधारण एक सप्तमांश जड, आणि त्याच उंचीच्या डब्यात पाचाऐवजी सात तबकड्या बसल्या. घनता तीच, तबकड्या जास्त. आता दहा-दहा बसतात.

आणि मग आली लेझरवाली, हॅमर, म्हणजे तापवून लिहायची पद्धत. मला विचाराल तर सगळ्या गोष्टीतली ही सगळ्यात देखणी युक्ती. ते मघाचं आठवा, हट्टी मटेरियलवर लिहिता येत नाही. पण ‘लिहिताना आणि ठेवताना मटेरियल एकाच तापमानाला असतं’ असं कुणी सांगितलं? लोखंड आणि प्लॅटिनमचा मिश्रधातू घ्यायचा, जो थंड असताना प्रचंड हट्टी, आणि लिहायच्या क्षणी तेवढाच ठिपका लेझरने ४०० अंशांच्या वर तापवायचा, तो मऊ पडतो, हेड लिहून टाकतं, नॅनोसेकंदाच्या हिशोबात ठिपका परत थंड. इथे परत एक मर्यादा आडवी होती, प्रकाश त्याच्या तरंगलांबीच्या अर्ध्यापेक्षा फार बारीक ठिपक्यात गोळा होत नाही, आणि लेझरची तरंगलांबी ८०० नॅनोमीटरच्या आसपास, ठिपका पाहिजे काही दहा नॅनोमीटरचा. पण ही अट भिंगातून लांबवर जाणाऱ्या प्रकाशाला लागू आहे. धातूचा एक बारीकसा अँटेना अगदी चिकटून धरला तर त्याच्या टोकाशी ऊर्जा कितीतरी बारीक जागेत गोळा करता येते. म्हणजे एका डब्यात दोन ‘अशक्य’ गोष्टी चालल्यात, तेही तबकडी मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारत असताना. डिस्क बनवणाऱ्या सीगेट कंपनीने २०१२ मध्ये लॅबमध्ये एका चौरस इंचात १ टेराबिट करून दाखवलं, आणि ३० टीबीच्या डिस्क म्हणून ते मोठ्या प्रमाणावर आणल्याची घोषणा झाली जानेवारी २०२४ मध्ये. बारा वर्षं. मधल्या काळात ‘पुढच्या वर्षी येतंय’ किती वेळा ऐकलं त्याची मोजदाद नाही.

एसएसडीवाल्यांनाही हेच. त्यांच्यात फ्लॅश मेमरी असते, बारीक बारीक पेशींत इलेक्ट्रॉन कोंडून बिट ठेवणारी. तिची कल्पना तोशिबाच्या फुजिओ मासुओकांची, १९८० च्या दशकातली. पेशी लहान करत करत १५-१६ नॅनोमीटरवर आल्या तेव्हा एका पेशीत इतके कमी इलेक्ट्रॉन उरले की थोडे गळले तरी शून्याचा एक व्हायचा. ‘फ्लॅश संपला’ च्या बातम्या तेव्हाही आल्या होत्या. २०१३ मध्ये सॅमसंगने काय केलं, पेशी परत मोठ्या केल्या आणि त्यांची माडी चढवायला सुरुवात केली, आधी २४ थर, मग वाढत वाढत २०२२ ला २०० च्या वर, आणि आता ३०० च्याही पुढे. सपाटीवरची मर्यादा जिथे होती तिथेच राहिली, ही मंडळी वरच्या मजल्यावर राहायला गेली.

तर ‘मर्यादा आली’ वाल्यांनो, तुमच्या बातमीत नियम बरोबर असतो, अट गाळलेली असते.

इथे दुसरा गट टाळ्या वाजवायला लागला असेल. बघा, आम्ही म्हणत होतो ना, माणूस सगळं करतो. जरा थांबा, तुमच्याकडेच येतोय.

सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे आठवा. सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेझर, ७०० एमबी. डीव्हीडीला ६५० चा लाल, ४.७ जीबी. ब्लू-रेला ४०५ चा जांभळा आणि भिंग तबकडीच्या अगदी जवळ, थराला २५ जीबी. पुढची पायरी? ४०५ च्या खाली गेलात की अतिनील, आणि तिथे तबकडीचं प्लास्टिकच प्रकाश शोषायला लागतं. मग थर वाढवले, तीन थर, चार थर, शंभर-सव्वाशे जीबी, आणि त्यापुढे घरात वापरायची तबकडी गेलीच नाही. होलोग्रामने तबकडीच्या जाडीत साठवायचं म्हणून बेल लॅब्समधून इनफेज नावाची कंपनी निघाली होती २००० साली, ३०० जीबीच्या तबकड्या येणार येणार म्हणता म्हणता २०१० मध्ये तिने शटर ओढलं. इथे कुणी इवासाकी आला नाही. किंवा आला असेल, पण तोवर पैसे लावणारा उठून गेला.

फिरण्याचा वेग घ्या. ७,२०० फेऱ्यांची डिस्क आली १९९२ मध्ये. २००० साली १५,००० वाली आली, गरम व्हायची, आवाज करायची, महाग होती, एसएसडी आल्या आणि तिचा विषयच संपला. आज तुम्ही ३० टीबीची कोरी करकरीत डिस्क घ्या, ती अजून ७,२०० नेच फिरते, म्हणजे हवा तो बिट हेडखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद १९९२ लाही लागायचे आणि आजही लागतात. तीस वर्षांहून जास्त! ही मर्यादा कुणी ओलांडली नाही, आणि हिच्याबद्दल कुणी व्हिडिओही करत नाही.

आणि ऑप्टेन, फ्लॅशसारखीच चिपवरची मेमरी. इंटेल आणि मायक्रॉन या कंपन्यांनी २०१५ मध्ये जाहीर केलं, फ्लॅशपेक्षा हजारपट वेगाचं वगैरे. वस्तू खरी होती, चालायचीही झकास, लहान लहान वाचनाला तिच्या जवळपास कुणी नव्हतं. २०२१ ला मायक्रॉन बाहेर पडलं, २०२२ ला इंटेलने गुंडाळलं. भौतिकशास्त्राने तिला हरवलं नाही. ती फ्लॅशपेक्षा महाग होती आणि फ्लॅश दर वर्षी स्वस्त होत होता, एवढंच.

आता तुम्हाला माझ्या मते सगळ्यात बोलका आकडा देतो. मार्क क्रायडर, कार्नेगी मेलनचेच, सीगेटमध्ये संशोधन सांभाळलेला माणूस, ज्याच्या नावाने डिस्कच्या घनतेच्या वाढीला ‘क्रायडरचा नियम’ म्हणतात. हॅमर होणार हे त्यांना माहीत होतं, बिटांच्या बेटांची (म्हणजे प्रत्येक बिटाला तबकडीवर वेगळं चुंबकीय बेट द्यायची) पद्धत माहीत होती, भौतिकशास्त्राची अडचण नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. २००९ साली त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर अंदाज दिला, की वाढ वर्षाला ४० टक्क्यांनी चालू राहिली तर २०२० मध्ये दोन तबकड्यांची अडीच इंची डिस्क १४ टीबीच्या वर जाईल आणि किंमत असेल ४० डॉलरच्या आसपास. २०२० आलं तेव्हा अडीच इंची डिस्क ५ टीबीवर अडकून बसली होती, आणि १८ टीबीसाठी साडेतीन इंची डब्यात हेलियम भरून नऊ तबकड्या लागत होत्या. किमतीचं तर सोडाच.

काय आडवं आलं? उष्णता? क्वांटम? २०११ च्या ऑक्टोबरात थायलंडला पूर आला, कारखाने पाण्याखाली गेले, आणि डिस्कच्या किमती रातोरात चढल्या, त्या खाली यायला कितीतरी वेळ लागला. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तेव्हा सकाळचा भाव संध्याकाळी मिळायचा नाही. त्याच सुमाराला वेस्टर्न डिजिटलने हिटाचीचा धंदा घेतला, सीगेटने सॅमसंगचा, आणि बनवणारे उरले तीन, तिसरी तोशिबा. घरगुती गिऱ्हाईक एसएसडीकडे आणि क्लाउडकडे गेलं. तीनच विकणारे, आणि घेणारे प्रामुख्याने मोजक्या मोठ्या डेटा सेंटरांचे मालक. अशा बाजारात दर वर्षी ४० टक्के स्वस्त करायची घाई कुणाला असणार? शिवाय प्रत्येक पुढची पायरी आधीच्यापेक्षा महाग आहे. आडवा बिट उभा करणं एक, आणि प्रत्येक हेडवर एकेक लेझर चिकटवून तो पाच वर्षं चालेल याची गॅरंटी देणं वेगळं. फ्लॅशचंही तेच, एका पेशीत १ बिट ठेवायला विद्युत भाराच्या २ पातळ्या लागतात, ४ बिटला १६, ५ बिटला ३२. म्हणजे चारावरून पाचावर गेलात तर जागा वाढणार २५ टक्के आणि पातळ्या ओळखायचं काम दुप्पट नाजूक होणार, वर आयुष्य कमी. युक्त्या संपल्या असं मी म्हणत नाही, पण दर युक्तीमागे हाती लागणारं कमी होतंय हे दिसतंय.

अजून एक मर्यादा आहे जी मला रोज दिसते आणि तुमच्या कुठल्याच तक्त्यात नसते. वेळ. घनता वाढते ती दोन दिशांनी, ट्रॅकच्या लांबीत आणि ट्रॅकच्या संख्येत, पण एका फेरीत हेडखालून जातात ते फक्त लांबीतलेच बिट, म्हणून जागा जेवढी वाढते तेवढा वेग वाढत नाही. ३० टीबीची डिस्क सेकंदाला २७५ एमबीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचायची तर ३० तास लागतात. नव्वदीतली १ जीबीची डिस्क सेकंदाला ५ एमबीने साडेतीन मिनिटांत वाचून व्हायची.

आता कागदावरचे ३० तास म्हणजे खरे किती ते सांगतो. एक व्हिडिओ एडिटिंगचा स्टुडिओ आहे, लग्नं, जाहिराती, एखादी वेबसीरिज, आठ डिस्कचा रेड, म्हणजे आठ डिस्क मिळून एकच साठा, एक गेली तरी डेटा वाचतो असा. शुक्रवारी संध्याकाळी एक डिस्क गेली, नवीन घातली, रिबिल्ड सुरू केला, म्हणजे बाकीच्या सात पूर्ण वाचून गेलेल्या डिस्कवरचं सगळं नवीनवर परत लिहायचं. एडिटर म्हणाला दादा, काम थांबवता येणार नाही, शनिवारी क्लायंट बसणार आहे. मग काय, रिबिल्डही चालू आणि वरून चार जण फोर-के फुटेज ओढतायत. शनिवारी सकाळी स्क्रीनवर १९ टक्के. दुपारी २६. त्या बॉक्सच्या बाकीच्या सात डिस्क एकाच दिवशी एकाच दुकानातून आलेल्या, एकाच वयाच्या, आणि रिबिल्ड होईपर्यंत त्यांना एक क्षण उसंत नाही, त्यातली आणखी एक कुरकुरली तर काय हे मला आणि एडिटरला दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही त्याबद्दल बोलत नव्हतो. सोमवारी सकाळी झालं पूर्ण. निभावलं. पण पुढच्या वेळी डिस्क दुप्पट मोठी असेल आणि वेग तोच, तेव्हा शुक्रवार ते सोमवारचं शुक्रवार ते गुरुवार होणार, आणि म्हणून आता दोन डिस्क एकदम गेल्या तरी चालेल अशी रचना केल्याशिवाय मी कामच घेत नाही. ही अडचण कुणी लेझरने सोडवत नाहीये. दोन स्वतंत्र हेडचे संच घालून वेग दुप्पट करायचे प्रयोग झालेत, बाजारातही आलेत, पण सगळीकडे नाही.

मग तळ किती खाली आहे, म्हणजे खराखुरा भौतिकशास्त्राचा तळ? खूप खाली. २०१२ मध्ये आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या लॅबने १२ अणूंत एक बिट ठेवला. २०१६ ला हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या लोकांनी तांब्यावर क्लोरीनचे अणू सरकवून एक किलोबाइट लिहिला, घनता निघाली चौरस इंचाला ५०० टेराबिट, आजच्या डिस्कच्या काहीशे पट. २०१७ ला एका होल्मियम अणूवर एक बिट. हे सगळं खरं आहे, नावाजलेल्या नियतकालिकांत छापून आलेलं आहे. पण डेल्फ्टचा तो किलोबाइट उणे १९६ अंशांना टिकत होता आणि एकेक अणू सुईने ढकलून लिहिलेला होता. तुम्ही त्याची बातमी देताना ‘लवकरच तुमच्या खिशात’ असं लिहिता, तेव्हा मला इवासाकींची २८ वर्षं आठवतात, आणि त्यांच्या युक्तीला तर थंड करायचीही गरज नव्हती.

एक गंमत बघा, सगळ्यात निवांत कोण आहे तर टेप. जिला तुम्ही १९९५ पासून म्युझियममध्ये पाठवताय ती मॅग्नेटिक टेप. तिच्यात पृष्ठभाग इतका मोठा, कित्येक शे मीटर, की घनता डिस्कच्या मानाने कितीतरी कमी ठेवूनही भागतं, म्हणून तिला डिस्कची भिंत अजून दिसायचीच आहे. २०२० मध्ये आयबीएम आणि फुजीफिल्मने चौरस इंचाला ३१७ गिगाबिट करून दाखवलं, म्हणजे एका कार्ट्रिजला ५८० टीबीचा हिशोब. बाजारात मात्र २०२१ ला जी एलटीओ-९ नावाची टेप आली ती १८ टीबीचीच आली, आणि तीसुद्धा आधी ठरलेल्या २४ वरून कमी करून. परत तेच, युक्ती आहे, पैसे कोण घालणार.

तर मंडळी, मागणं फार नाही. पुढची बातमी कराल किंवा पुढचं लेक्चर घ्याल तेव्हा ‘मर्यादा’ म्हटलंत की ती कुठल्या अटीवर, ते सोबत लिहा. ‘मर्यादा मोडली’ म्हटलंत की ती लॅबमध्ये मोडली, कारखान्यात मोडली की दुकानात, ते लिहा, आणि एक टीबीला किती रुपये पडणार ते माहीत असेल तर तेही टाका, नसेल तर आकडा आलेला नाही असं स्वच्छ सांगा. नुसतं किती मावतं ते सांगू नका, सगळं परत बाहेर काढायला किती तास लागतात तेही विचारा कंपनीच्या माणसाला, तो जरा चाचरेल, पण सांगेल. आणि सर-मॅडम, ते ६० आणि ३० वालं गणित खरंच घाला प्रॅक्टिकलला. माझ्याकडे इंटर्न म्हणून येणाऱ्या पोरांना बिगिनर ते एक्स्पर्ट कोर्सची सर्टिफिकेटं असतात आणि रिबिल्ड चालू असताना बाकीच्या डिस्कवर का ताण येतो ते सांगता येत नाही.

आपला,
पुण्यातला एक बॅकअपवाला

ता. क. डीएनएबद्दल विचारणार आहात, माहितीये. २०१७ मध्ये एका ग्रॅमला २१५ पेटाबाइटचा हिशोब छापून आलाय, तो मी वाचलाय, आणि घनतेबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्या स्टुडिओचं १ टीबी फुटेज डीएनएवर लिहून किती दिवसांत देता, एडिटरने मधलीच एक क्लिप मागितली तर किती वेळात काढून देता आणि जीएसटी धरून किती होतील, एवढं कोटेशन कुणीतरी पाठवा. कस्टमरला मी स्वतः समजावतो.